बसमधले गाणे आणि कानातले बूच

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. तास संपवून मी फळा पुसत होतो, तेव्हा अकरावीतील एक विद्यार्थी टेबलाजवळ येऊन उभा राहिला. "सर, अभ्यासातलं नाही, पण एक विचारू का?" हा मुलगा दर शनिवारी नगरहून एस.टी.ने पुण्याला मामांकडे जातो, तेथे शिकवणीला बसतो आणि रविवारी रात्री परत येतो. वसतिगृहात मोबाईल ठेवू देत नाहीत. म्हणून प्रवासात गाणी ऐकण्यासाठी एखादे छोटे यंत्र घे, असे सांगून वडिलांनी कांद्याच्या पट्टीतून त्याला हजार रुपये दिले होते. त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली. बाजारात हिंडून निरनिराळ्या खोक्यांवरचा मजकूर त्याने उतरवून आणला होता: 'एक्स्ट्रा बास', '२० ते २०,००० हर्ट्‌झ', 'हाय पॉवर', 'हाय-फाय स्टिरिओ'. आठशे रुपयांचा प्लेअर आणि उरलेल्या दोनशेत इअरफोन, असा त्याचा बेत होता.

मी म्हटले, "आकडे तेच ठेव, फक्त त्यांची अदलाबदल कर."

तो हिरमुसला. प्लेअर दिसायला मोठा, त्याला पडदा, बटणे आणि दिवे. इअरफोन म्हणजे दोन बिया आणि एक तार. मोठ्या वस्तूला जास्त पैसे, हा हिशेब कोणालाही पटेल. परंतु भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो येथे उलटा आहे. का, ते त्या मुलाला मी दोन मधल्या सुट्ट्यांत सांगितले. तेच तुम्हांलाही सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकजण रोज कुठल्या ना कुठल्या बसमध्ये बसत असाल.

नगर-पुणे हा रस्ता तसा ऐतिहासिक. महाराष्ट्रातील एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी याच मार्गावर धावली. अंतर सुमारे १२० किलोमीटर. सुपे, शिरूर, शिक्रापूर, वाघोली करीत बस साधारण तीन तासांत पोचते. त्या काळी प्रवासात गाणे ऐकायचे, तर शेजारच्याने गायला हवे! खिशातील संगीत आले ते पुढे तीस वर्षांनी. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा पहिला वॉकमन विक्रीस आला. गंमत म्हणजे त्याला हेडफोनसाठी दोन भोके होती. माणूस एकटाच गाणे ऐकत बसेल हे बनवणाऱ्यांना खरे वाटेना. नंतरच्या नमुन्यांतून दुसरे भोक गेले. १९९८ साली कोरियात फिरत्या भागांविना चालणारा एम.पी.थ्री प्लेअर निघाला आणि फीत, चाके, मोटर हे सारे इतिहासजमा झाले. ही शेवटची गोष्ट आपल्या हिशेबात महत्त्वाची आहे. कॅसेटच्या यंत्रात मोटर जरा डुगडुगली की गाणे रडू लागे, त्यामुळे स्वस्त यंत्र आणि महाग यंत्र यांत जमीनअस्मानाचा फरक असे. आजच्या प्लेअरमध्ये हलणारे काही नाहीच. आकडे वाचून त्यांचे विद्युत्‌दाबात रूपांतर करणारी एक चकती पुरते आणि ती अगदी स्वस्त यंत्रातही बऱ्यापैकी काम करते. आता हलतो तो फक्त एकच भाग, इअरफोनमधला पडदा. तेव्हा पैसे कुठे घालायचे?

पण पडद्याकडे जाण्याआधी बसकडे पाहू.

गाडीचा तबला

गेल्या महिन्यात फोनमधील ध्वनिमापक घेऊन मी याच बसने गेलो. असा मापक प्रयोगशाळेतील उपकरणाइतका विश्वासू नसतो, चार-पाच डेसिबलची चूक तो सहज करतो. तरी अंदाजाला पुरतो. केडगाव मागे पडल्यावर आकडा ७६ ते ८२ यांच्यामध्ये डोलत राहिला. चढावर चालकाने गिअर बदलला की ८४. खिडकीच्या सैल काचेने ताल धरला तेव्हाही तेवढाच.

या गोंगाटात सर्वांत जास्त ऊर्जा असते ती खालच्या, म्हणजे खर्जाच्या कंपनसंख्यांत. हिशेब करून पाहा. समजा इंजिन सहा सिलिंडरचे, चार धावांचे आणि मिनिटाला १,८०० फेरे घेणारे आहे. म्हणजे सेकंदाला ३० फेरे. अशा इंजिनात प्रत्येक फेऱ्याला तीन स्फोट होतात. तेव्हा इंजिनाचा मूळ स्वर ९० हर्ट्‌झचा झाला. तबल्याचा बायां, ढोलकीची धूम, मृदंगाचा भारदस्त घोष यांची वस्ती याच परिसरात असते. आपला कान अशा वेळी दोन आवाज वेगळे करू शकत नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. बसमध्ये गाण्यातला बायां प्रथम नाहीसा होतो. गायकाचा आवाज त्यामानाने वरच्या पट्टीत असल्याने तगून राहतो. मग गाणे पोकळ वाटते, आणि आपण काय करतो? आवाज वाढवतो. बायां परत येईपर्यंत वाढवत राहतो. तो येतो तेव्हा गायक कानात ओरडत असतो. पण इंजिनाच्या घरघरीमुळे ते ओरडणे आपल्याला ओरडणे वाटत नाही.

तुम्ही हे तपासू शकता. घरी शांत खोलीत, गाणे सुखाने ऐकू येईल एवढा आवाज ठेवा आणि प्लेअरवर तो कितव्या पायरीवर आहे ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तेच गाणे, तसेच सुखाने ऐकू येईपर्यंत आवाज वाढवा आणि पायरी लिहा. आमच्या विद्यार्थ्याने मित्राचा जुना, कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा इअरफोन लावून हे केले. घरी ९, बसमध्ये २१. त्याच्या यंत्रात एकंदर ३० पायऱ्या होत्या.

आठवड्याचा शिधा

डेसिबलची मोजपट्टी साधी नाही, हे नववी-दहावीत तुम्ही ऐकले असेल. १० डेसिबलने आकडा वाढला, की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ३ डेसिबलने वाढला, की जवळजवळ दुप्पट. कानाला होणारी इजा ही केवळ आवाज किती मोठा यावर अवलंबून नसते, तर किती वेळ यावरही असते. उन्हाने कातडी भाजते तसेच हे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ साली खास गाणी ऐकण्याच्या यंत्रांसाठी एक मानक ठरवले. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास. मुलांच्या कानांसाठी त्याहून कडक, ७५ डेसिबलचे ४० तास. आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा: ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच आणि ९० ला फक्त सव्वा तास.

आता आपल्या मुलाचा प्रवास मांडा. जाऊन-येऊन सहा तास. बसच्या ८० डेसिबलवर मात करण्यासाठी त्याने गाणे ९० पर्यंत चढवले असेल, तर शनिवारी नगर सोडल्यावर बस शिरूरच्या आसपास पोचते न पोचते तोच त्याचा आख्ख्या आठवड्याचा शिधा संपला. शिक्रापूर, वाघोली, पुणे आणि परतीचा सारा रस्ता उसनवारीवर.

ही उसनवारी फेडता येत नाही. अंतर्कर्णातील कर्णावर्तात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. ध्वनीने त्यांची सूक्ष्म लव हलते आणि मेंदूकडे संदेश जातो. फार मोठ्या आवाजाने ही लव मोडते, पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीत उगवतात! हे १९८० च्या दशकात संशोधकांना आढळले, आणि माणसात तसे करता येईल का याचा शोध अजून चालू आहे.

येथे थोडे माझ्याविषयी सांगायला हवे. एम.एस्सी. करीत असताना मीही याच बसने दर शनिवारी घरी येत असे. हातात कॅसेटचे यंत्र, डोक्यावर स्पंजच्या गाद्यांचा हेडफोन. स्पंजमधून बसचा आवाज सरळ आत येई, म्हणून मी चाक शेवटापर्यंत फिरवीत असे. घरी पोचल्यावर रात्री कानात बारीक शिट्टी वाजे, सकाळी ती गेलेली असे. दोन वर्षे असे चालले. गेली सहा-सात वर्षे ती शिट्टी सकाळी जात नाही. रातकिडे पावसाळ्यात ओरडतात. माझा रातकिडा मे महिन्यातही ओरडतो. डॉक्टरांनी श्रवणचाचणी घेतली. आलेखाची रेषा सरळ चालत येते आणि ४,००० हर्ट्‌झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली जाते, पुढे थोडी वर येते. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची खूण बहुधा अशी असते, असे ते म्हणाले; नेमके कशामुळे ते आता कोणी सांगू शकणार नाही. 'स', 'श' यांसारख्या ऊष्म वर्णांची ऊर्जा वरच्या कंपनसंख्यांत असते. त्यामुळे शेवटच्या बाकावरून कोणी हळू आवाजात "सर, शंका आहे" म्हणाले, तर मला पुन्हा विचारावे लागते. मुले समजून घेतात. काही वेळा हसतातही.

बूच

तर मग उपाय काय? गाणे मोठे करण्याऐवजी बस लहान करायची. कानाच्या नळीत रबरी टोपी घट्ट बसेल असा इअरफोन घेतला, की तो आधी बुचाचे काम करतो आणि मग गाण्याचे. नीट बसला, तर बाहेरचा आवाज पंधरा-वीस डेसिबलने कमी होतो. ८० ची बस साठ-पासष्टाची झाली, तर गाणे सत्तरावर सुखाने ऐकता येते आणि शिध्याला धक्काही लागत नाही.

बुचाचा आणखी एक फायदा आहे, आणि तो खोक्यावर लिहिलेला नसतो. सायकलचा हवा भरण्याचा पंप घ्या. त्याच्या तोंडावर बोट सैल धरून दांडा सावकाश दाबा. हवा फटीतून निघून जाते, बोटाला काही जाणवत नाही. आता तोच दांडा झटक्याने दाबा. हवेला निसटायला वेळ मिळत नाही, बोटाला धक्का बसतो. इअरफोनमधला पडदा म्हणजे हा दांडा. खर्जाच्या स्वरात तो सावकाश हलतो, आणि टोपी सैल असली की दाब फटीतून निसटतो. वरच्या स्वरात तो झटपट हलतो, तेथे फट असली तरी चालते. म्हणून सैल इअरफोनमध्ये बायां ऐकू येत नाही. 'एक्स्ट्रा बास'साठी जास्त पैसे मोजणारे पुष्कळजण खरे तर चुकीच्या मापाची टोपी लावून बसलेले असतात! इअरफोनच्या खोक्यात टोप्यांच्या लहान-मोठ्या जोड्यांची एक चिमुकली पिशवी असते. निम्मे लोक ती खोक्याबरोबर फेकून देतात. सगळ्या लावून पाहा. डाव्या-उजव्या कानांची मापे वेगळी निघाली, तर आश्चर्य मानू नका. कानाची पाळी दुसऱ्या हाताने किंचित वर आणि मागे ओढली, की नळी सरळ होते आणि टोपी चांगली आत बसते.

दुकानात करायची चाचणी अशी. गाणे न लावता इअरफोन घाला. पंख्याचा, रस्त्याचा आवाज दूर गेल्यासारखा वाटला पाहिजे. मग तबला असलेले गाणे हळू आवाजात लावा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बायां एकदम वाढला, तर टोपी सैल आहे; माप बदला. काही फरक पडला नाही, तर बूच नीट बसले. दुकानदार आपल्या स्वतःच्या मोठ्या यंत्रावर, मोठ्या आवाजात गाणे ऐकवील. त्याला नको म्हणा. मोठ्या आवाजात सगळेच इअरफोन चांगले वाटतात. आणि दुसऱ्यांच्या कानांत गेलेल्या टोप्या आधी पुसून घ्यायला संकोच करू नका.

आता खोक्यावरच्या मजकुराकडे वळू. '२० ते २०,००० हर्ट्‌झ' हे माणसाच्या कानाचे वर्णन आहे, इअरफोनचे नव्हे. सगळ्यांवर ते छापलेले असते, म्हणून निवडीला निरुपयोगी. 'हाय पॉवर' हे त्याहून निरर्थक. १६ ओहमच्या साध्या इअरफोनला एक मिलिवॉट दिले, तर तो १०० डेसिबलच्या आसपास आवाज काढतो. ऐकायला ८० डेसिबल पुरतात. म्हणजे शंभरावा हिस्सा, वॉटचा एक लाखावा भाग! ताकद कमी पडते असे इअरफोनच्या बाबतीत सहसा होत नाही, ती जास्तच होते. 'नॉईज कॅन्सलेशन' या शब्दांपाशी मात्र थांबून नीट वाचा. खऱ्या प्रकारात इअरफोनमधला सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा गोंगाट ऐकतो आणि नेमकी उलटी लहर निर्माण करून त्याचा छेद करतो. अमर बोस या भारतीय वंशाच्या अमेरिकन प्राध्यापकांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानात बसल्या बसल्या सुचली आणि वैमानिकांसाठी तसा हेडफोन १९८९ मध्ये बाजारात आला. खर्जाच्या आवाजावर ही युक्ती छान चालते, कारण १०० हर्ट्‌झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते आणि तिला गाठायला सवड मिळते. ५,००० हर्ट्‌झची लहर जेमतेम सात सेंटिमीटर. परंतु कमी किमतीच्या पुष्कळ इअरफोनवर हे शब्द फक्त बोलण्याच्या मायक्रोफोनबद्दल असतात. तुम्ही फोनवर बोलताना पलीकडच्या माणसाला बसचा गोंगाट कमी ऐकू येतो. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

तारेचा घ्यावा की बिनतारी? विद्यार्थ्याला मी तारेचाच सांगेन. त्याला स्वतःची बॅटरी नसते, त्यामुळे तो दोन-तीन वर्षांत म्हातारा होत नाही. खिडकीतून एक दाणा पडला म्हणून जोडी मोडत नाही. प्लेअरमध्ये एफ.एम. रेडिओ असेल, तर हीच तार त्याची एरियल होते. तोटा एकच: बसच्या हादऱ्यांनी तार शर्टाला घासते आणि बूच बसलेल्या कानात खसखस ऐकू येते. तार कानाच्या वरून मागे घेतली, की ती बरीच थांबते.

तार तुटते ती बहुतेक पिनेजवळ. तिचा एक गमतीचा रोग सांगतो. पिनेचे टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्याचे आणि बुडाचा भाग दोघांचा सामाईक. ही सामाईक तार तुटली, की प्रवाहाला परतीचा रस्ता राहत नाही. दोन्ही इअरफोन एकसरीत जोडले जातात आणि त्यांना मिळतो तो डाव्या-उजव्यातला फरक. गायक दोन्हीकडे सारखाच असल्याने तो वजा होतो. वाद्ये वाजतात, गायक गायब! आणि जुने एकमार्गी ध्वनिमुद्रणाचे भावगीत लावले, तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. असा इअरफोन फेकू नका. पिनेच्या मागे तार कापून नवी पिन सोल्डर करता येते. आतल्या बारीक तारांवर लाखेसारखा लेप असतो, तो तापवून जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, एवढे लक्षात ठेवा.

प्लेअरबद्दल थोडक्यात. दुकानात स्वतःचा इअरफोन लावून बघा. गाणे थांबवल्यावर सूं असा आवाज मोठा येतो का? सर्वांत खालची पायरी खरोखर हळू आहे का? स्वस्त यंत्रांत पहिलीच पायरी मोठी असते, आणि तो दोष मी सर्वांत वाईट मानतो. बटणे न बघता, खिशात हात घालून चालवता आली पाहिजेत. साठवणीची चिंता नको: १२८ किलोबिटने साठवलेले चार मिनिटांचे गाणे सुमारे ३.८ मेगाबाइटचे, म्हणजे ८ गिगाबाइटच्या कार्डात दोन हजारांवर गाणी. याहून बारीक प्रतीची नोंद बसच्या गोंगाटात कोणाला ओळखता येते, असे मला वाटत नाही. कार्ड मात्र घेतल्यावर एकदा काठोकाठ भरून पाहा. छापलेल्यापेक्षा कमी क्षमतेची बनावट कार्डे बाजारात असतात.

दोन मित्रांनी एकेक दाणा कानात घालून ऐकणे ही बसमधील जुनी रीत आहे. त्यात दोघांचाही दुसरा कान बसला उघडा राहतो आणि आवाज दोघांच्याही नकळत चढतो. आणि बसस्थानकावर उतरताना, रस्ता ओलांडताना दोन्ही बुचे काढा. मागून येणारी गाडी आधी कानाला दिसते.

त्या विद्यार्थ्याने शेवटी तीनशेचा प्लेअर आणि सहाशेचा इअरफोन घेतला. उरलेले शंभर रुपये त्याने वडिलांना परत केले की नाही, हे मी विचारले नाही. सोमवारी त्याने वही दाखवली: घरी ८, बसमध्ये ११. पण त्याच्याकडे एक तक्रार होती. शिरूरला त्याने भाजलेल्या शेंगा घेतल्या. "सर, शेंगदाणे खाताना गाणं ऐकूच येत नाही. डोक्यात नुसतं कुडुम-कुडुम. जुन्या इअरफोनमध्ये असं होत नव्हतं."

चावण्याचा आवाज जबड्याच्या हाडातून कानाच्या नळीच्या भिंतीत उतरतो आणि नळीतील हवा कंप पावते. नळीचे तोंड उघडे असले, तर ती कंपने बाहेर निसटून जातात. बूच लावले, की जायला जागाच नाही. बोटे कानांत घालून "म्‌" असा स्वर लावा, म्हणजे तुम्हांलाही हे कळेल. पुढच्या शनिवारी त्याने शेंगा आधी खाल्ल्या आणि मग इअरफोन लावला.